साक्षीत नाव घ्यायचं नाही

रविवार, ६ ऑक्टोबर

आज चर्चमध्ये जे झालं ते लिहून काढल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून आधी लिहिते, मग ताटं वाढते. ही डायरी तीन वर्षांपूर्वीची, कोरीच राहून गेलेली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन. चांगला कागद फेकायचा कशाला.

उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी सांगितलं की एक गृहस्थ बाप्तिस्मा घेणार आहेत, ते आज साक्ष देतील. आमच्या मंडळीची पद्धतच आहे. बाप्तिस्म्याआधी माणसाने पुढे उभं राहून प्रभूने आपल्याला कसं वाचवलं ते सांगायचं, मग त्याच दिवसापासून तीन रविवार त्याचं नाव वाचायचं. कोणाची हरकत असेल तर लेखी द्यायची. तीस वर्षांत कोणी हरकत दिलेली मी पाहिली नाही.

तर पुढे येऊन उभा कोण राहिला? स्टोअरकीपर.

आधी मी ओळखलंच नाही. गेले काही महिने मागे कोणी टकला बसायचा तोच हा, डोक्यावरचे केस साफ गेलेत. पण तोंड उघडलं आणि माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. हाच आवाज. चौदा वर्षांपूर्वी चौकशीत याच आवाजाने साक्ष दिली होती.

हे तेव्हा हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळायचे आणि हा तिथल्या स्टोअरवर होता. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, वाफ जास्त झाली की तो उडतो आणि वाफ बाहेर सोडून देतो. तो जुना झाला होता. यांनी नवा मागितला, तीन वेळा लेखी मागितला, आला नाही. एक दिवस सकाळी वाफेचा नळ फुटला. चौकशी बसली तेव्हा हा उभा राहून म्हणाला, नवा व्हॉल्व्ह मी यांच्या हातात दिला होता, यांनी बसवला नाही त्याला मी काय करू. रजिस्टरमधली नोंदही दाखवली. मुळात व्हॉल्व्ह कधी खरेदीच झाला नव्हता. यांची नोकरी गेली, बॉयलरचं सर्टिफिकेट गेलं. तेव्हापासून हे घरी बसून लोकांचे कुकर नि स्टोव्ह दुरुस्त करतात.

आणि आज तो म्हणतो, "मी खोटा माणूस होतो. माझ्या जिभेने एका माणसाचं वाटोळं केलं. पण प्रभूने माझी सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकली. माझं तारण झालंय याची मला पूर्ण खात्री आहे."

लोक आमेन म्हणाले. माझ्या शेजारी पाळकबाई डोळे पुसत होत्या.

एका माणसाचं. तो एक माणूस माझ्या मागे चार बाकं सोडून बसला होता, कॉलर उलटवून शिवलेल्या शर्टात. त्याचं नाव नाही, काय खोटं बोलला ते नाही, कुठे बोलला ते नाही. समुद्रात टाकलं म्हणे. टाकायला नेताना आमच्या दारावरून न्यायचं कोणाच्या मनात आलं नाही.

घरी येताना यांनी एवढंच विचारलं, "पूर्ण खात्री आहे, असंच म्हणाला ना तो?"

मी म्हटलं, "हो. कोडगेपणाची कमाल आहे."

चौकात आल्यावर पुन्हा, "पूर्ण, असं म्हणाला ना?"

बिचाऱ्यांच्या फार जिव्हारी लागलंय.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

काल दिवसभर वाट बघितली की तो येईल, पाय धरेल. आला नाही. आज पाळकसाहेबांकडे जाऊन आले.

ते व्हरांड्यात सायकलची चेन बसवत होते. मी सरळच विचारलं, "त्याने नाव का घेतलं नाही?"

"मीच सांगितलंय तसं, ताई. साक्षीत दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मागे एका सुनेने साक्ष देताना सासूचं नाव घेतलं. सासू दुसऱ्या बाकावर. मला ते निस्तरायला दोन महिने लागले."

"सासूबद्दल सांगितलं ते खरं होतं का?"

"खरं असेल हो, पण..."

"मग सासूला उभं करायचं होतं साक्षीला."

ते हसले. मी हसले नाही. चेन पुन्हा निसटली तेव्हा तेही हसायचे थांबले. म्हणाले, "ताई, क्षमा ही कृपा आहे. तो लायक आहे म्हणून नाही मिळालेली. तुम्हांला मिळाली, मला मिळाली, तशीच त्याला."

"देवाने त्याला काय दिलं ते देवाने बघावं. पण भाजलं आमचं घर. देवाने आमच्या वतीने परस्पर माफ केलं, तर निदान निरोप तरी पाठवायचा."

"तुम्ही देवावर रागावलात का?"

"देवावर रागवायची माझी हिंमत नाही. मी तुमच्यावर रागावलेय."

त्यावर ते म्हणाले, "एक विचारू? तुम्हांला तुमच्या तारणाची खात्री आहे ना?"

मी म्हटलं, अर्थात. पण हा प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा घरापर्यंत बरोबर आला. तीस वर्षांत एक उपासना चुकवली नाही. ताप अंगात असताना महिला मंडळाची वही लिहिली. उपास, दशमांश, आजाऱ्यांच्या भेटी, काय केलं नाही? तरी रोज सकाळी प्रार्थना करताना वाटतं, आज हाक पोचली का, की दारातच राहिली. हे कोणाला सांगायची सोय नाही. आणि हा गडी आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा चर्चमध्ये आला, आणि याला पूर्ण खात्री.

मला कशाचा राग आलाय ते नीट लिहायला गेलं की वाक्य अर्ध्यावर अडतं. जाऊ दे. व्हॉल्व्हचा आलाय.


गुरुवार, १० ऑक्टोबर

वन्सं आल्या होत्या. यांच्या थोरल्या बहीण, त्याच हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर आहेत. मी हरकत द्यायचं ठरवलंय म्हटल्यावर लगेच चष्मा लावला. "दे. पण शुद्धलेखन तपासून दे. नाहीतर पाळक लाल पेनाने तेवढंच दुरुस्त करून परत पाठवेल."

मी मसुदा वाचून दाखवला. ज्या माणसाने खोटी साक्ष देऊन एका निरपराध कुटुंबाचा आधार तोडला, तो ज्याचा अपराध केला त्याची क्षमा न मागता तारणाची खात्री सांगतो, तरी त्याला बाप्तिस्मा देऊ नये. निरपराध खाली रेघ मारली आहे.

वन्सं म्हणाल्या, "भाषा झकास आहे. आणि त्या इस्त्रीवालीचं काय लिहिलंस?"

"कोण इस्त्रीवाली?"

"अगं, नळ फुटला तेव्हा रोलरवर होती ती. तिच्या अंगावर तर वाफ गेली."

"हां, ती. तिचा हात भाजला होता. बरी झाली असेल आता."

"सहा महिने होती वॉर्डात. मी ड्रेसिंग करायचे तिचं. ओरडायची नाही, मोजायची. एक, दोन, तीन. दोनशेपर्यंत गेलेली मी ऐकलीय."

विषय भलतीकडे चालला म्हणून मी त्यांना चहा दिला आणि मसुदा पुन्हा वाचला.

संध्याकाळी यांना सही करायला सांगितलं. हे म्हणाले, "माझी काही हरकत नाही."

"हरकत नाही म्हणजे सही करायला, की त्याच्या बाप्तिस्म्याला?"

"त्याच्या बाप्तिस्म्याला."

"हाच तुमचा देवमाणूसपणा तेव्हा नडला. चौकशीत तोंड उघडलं असतंत तर ही वेळ आली नसती. एक शब्द बोलला नाहीत."

यांनी कुकरचं झाकण उजेडाकडे धरलं आणि व्हॉल्व्हच्या भोकात फुंकर मारली. मग म्हणाले, "अगं, माणसाने सगळं सांगितलं नसेल, तर त्याला मिळालेली क्षमा चालते का?"

"मुळीच चालत नाही. तेच तर मी लिहिलंय."

"असं," म्हणाले, आणि पुन्हा फुंकर मारली. दिवसभर त्या एका कुकरवर बसले होते. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. त्याचा व्हॉल्व्ह पहिल्यापासून ठीकच होता.

सही एकटीची केली.


रविवार, १३ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा नाव वाचलं. उपासनेनंतर सगळ्यांच्या देखत पाकीट पाळकसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "ताई, लेखी हरकत आली की मला ती तिसऱ्या रविवारी मंडळीपुढे वाचावीच लागते. शनिवार संध्याकाळपर्यंत मागे घेतलीत तर गोष्ट वेगळी."

"वाचा की. त्यासाठीच लिहिलीय."

पाळकबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवून विचारलं, "मनात कडवटपणा ठेवून चालेल का आपल्याला?" मी म्हटलं, "बाई, कडू मी केलेलं नाही, मला पाजलंय."

दाराशी स्टोअरकीपर उभा होता. मला बघून बाजूला झाला. नमस्कार करायला हात उचलले, मग त्या हातांचं काय करायचं ते न कळल्यासारखे तसेच धरून राहिला.


बुधवार, १६ ऑक्टोबर

आज तो घरी आला. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारचे चार वाजले असतील. दारातून म्हणाला, "वहिनी, आत येऊ का?"

मी म्हटलं, "चौकशीत आमचं घर मोडलंत तेव्हा विचारलं नव्हतं."

आतून हे म्हणाले, "येऊ दे गं त्याला." आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं, जसा काही तो रोजच येतो.

"काय मिस्त्री, कसं काय?"

"चाललंय. गुडघा धरतो."

"माझाही. डावा."

"माझा उजवा."

"म्हणजे दोघांत मिळून एक जोडी बरी आहे."

दोघं हसले. मी दारात उभी. चहाचं आधण ठेवलं नव्हतं, ठेवणारही नव्हते. म्हटलं, "गुडघे झाले असतील तर मुद्द्यावर या."

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, तुमची हरकत बरोबर आहे. व्हॉल्व्ह आलाच नव्हता. नोंद मी खोटी केली होती आणि साक्षही खोटी दिली. रविवारी मी उभा राहून हे सगळं यांचं नाव घेऊन सांगतो. पाळकसाहेबांचा नियम मोडला तर मोडला."

इतकं सरळ हातात येईल असं मला वाटलं नव्हतं. चौदा वर्षं तयार करून ठेवलेली वाक्यं तशीच राहिली. मी विचारलं, "मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

तो यांच्याकडे बघायला लागला. "व्हॉल्व्हचं मी सांगेन, मिस्त्री. पण लोक पुढचं विचारतील. जुना का होईना, बॉयलरवर एक व्हॉल्व्ह होता. तो का उडाला नाही? तारेचं कोण सांगणार?"

"कसली तार?" मी विचारलं.

यांच्या हातात पाना होता. तो यांनी खाली ठेवला. मग उचलून फडक्यावर ठेवला. म्हणाले, "मी सांगतो तिला."

तो जुना व्हॉल्व्ह वेळेआधीच उडायचा. वाफ कमी पडायची, चादरी ओल्या राहायच्या, मेट्रन रोज यांच्या नावाने ओरडायची. त्या दिवशी सकाळी यांनी व्हॉल्व्हचा दांडा तारेने करकचून बांधून टाकला. दुपारपर्यंतच, म्हणून. नऊ वाजता इस्त्रीच्या रोलरकडे जाणारा नळ फुटला. सगळ्यांत आधी हा स्टोअरकीपर आत धावला. त्याला तार दिसली. पक्कडीने तोडली आणि खिशात टाकली. यांना म्हणाला, तू व्हॉल्व्हबद्दल बोलू नकोस, मी तारेबद्दल बोलणार नाही.

तार चौकशीत निघाली असती तर हे तुरुंगात गेले असते. म्हणजे चौदा वर्षं मी ज्याचं वाईट चिंतलं त्याने माझ्या नवऱ्याला तुरुंगापासून वाचवलं होतं. आणि बुडवलं होतं तेही त्यानेच. आणि मुळात बांधलं होतं यांनी. असल्या त्रैराशिकाचं उत्तर काढायला आम्हांला मॅट्रिकपर्यंत शिकवलेलं नाही.

मी यांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "तू इतकी जोरात माझ्या बाजूने होतीस, की मध्ये बोलायला जागाच नव्हती."

ऐकून घ्या. म्हणजे चूक माझी.

स्टोअरकीपर निघाला तेव्हा यांनी त्याला थांबवलं. "एक सांग. खात्री आहे म्हणालास. तेव्हा तार हिशोबात धरून म्हणालास, की तार सोडून?"

तो बराच वेळ चपलेत पाय घालत राहिला. "तार सोडून. तार तुझी होती. माझ्या खिशात होती तरी तुझी होती."

"आणि खोटी नोंद?"

"ती धरून."

"मग माझं काय?"

मला तेव्हा कळलं की रविवारपासून हे कशाबद्दल विचारत होते.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

स्वयंपाक केला. बोलले नाही.

दर प्रभुभोजनाआधी मी मनात म्हणत आले, प्रभू, मी सगळ्यांना माफ केलंय, एक सोडून. चौदा वर्षं त्याने ते निमूट ऐकून घेतलं. आता एक सोडून दोन झाले. आणि दुसरा समोर बसून मुकाट्याने जेवतोय, मीठ कमी आहे तेही सांगत नाही.

वन्संना विचारलं, "तुम्हांला माहीत होतं?"

"तारेचं नव्हतं. पण माझा भाऊ काहीतरी गिळून बसलाय हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तू वाचलं नाहीस. तू भांडत होतीस."

"कोणासाठी भांडत होते?"

"तेच म्हणतेय मी," वन्सं म्हणाल्या आणि एक चिठ्ठी दिली. इस्त्रीवालीचा पत्ता. चौदा वर्षं त्यांच्याकडे होता. मी मागितला नव्हता.


शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आम्ही दोघं गेलो. मी यांच्याशी बोलत नव्हते, बरोबर चालत होते.

जिन्याखालची खोली. एक टेबल, एक इस्त्री, छतापर्यंत लॉजच्या चादरी. बाई माझ्याच वयाची असेल. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत ताणून बसवल्यासारखा, चकचकीत, आणि कोपर सरळ होत नाही. चादरीचं एक टोक ती भिंतीतल्या खिळ्याला अडकवते आणि उजव्या हाताने घडी घालत खिळ्यापर्यंत जाते.

"कपडे कुठायत?"

"कपडे नाही आणले," हे म्हणाले.

"मग उजेड अडवू नका."

"मी लॉन्ड्रीतला. बॉयलरवरचा."

तिने वर बघितलं. "ओळखलं. नोकरी गेली ना तुमची?"

"हो."

"माझा हात गेला. बोला."

हे बोलले. मला सांगितलं त्याहून जास्त बोलले. तार किती नंबरची होती, किती वेढे दिले, तेही सांगितलं. तिची इस्त्री एका उशीच्या अभ्र्यावर थांबली आणि वास सुटायच्या आत तिनेच उचलली.

"म्हणजे तारही होती."

"हो."

"मला साहेब लोकांनी सांगितलं होतं, बाई, तुझं नशीब." तिने अभ्रा उलटवला. "नशिबाला मी इतक्या शिव्या घातल्या. फुकट गेल्या."

हे म्हणाले, "मला माफ करा."

"तो टकल्याही हेच म्हणत आला होता महिन्यापूर्वी. तुमच्यात हल्ली हे फार निघालंय. म्हणाला देवाने सगळं माफ केलं. मी म्हटलं, बरं झालं, काय काय माफ केलं? तर रडायलाच लागला. दारात गिऱ्हाईक. मी म्हटलं, जा बाबा."

मला ते लागलं. मी म्हटलं, "आम्ही मनापासून आलोय."

"तुम्ही कोण?"

"यांची बायको."

"तुम्ही काय केलं होतंत?"

"मी काहीच केलं नाही."

"चौदा वर्षं?"

एवढंच म्हणाली, आणि चादरीचं टोक खिळ्यावरून काढून माझ्याकडे टाकलं. "धरा."

मी धरलं. आम्ही एकमेकींकडे चालत गेलो, टोकाला टोक लावलं, पुन्हा मागे. "कोपरा कोपऱ्याला लावा. घरी करत नाही का?" तीस वर्षं मी माझ्या घरात चादरी घडी करतेय, मला आजवर कोणी बोललेलं नाही. राग आला. पण कोपरा खरंच चुकला होता. अकरा चादरी झाल्या.

मग ती म्हणाली, "माफ वगैरे मी आज करत नाही. आधी मला ऐकायचंय. ज्या जागी त्याने उभं राहून सांगितलं ना सगळं माफ झालं म्हणून, त्याच जागी, त्याच लोकांपुढे. काय झालं, कोणी केलं, कोणाला झालं. नावासकट."

"आमच्यात साक्षीत नाव घेत नाहीत," मी म्हटलं. हे माझंच तोंड.

"मग देवाला कळतं कसं, कोणाबद्दल चाललंय ते?"

मी बाराव्या चादरीचं टोक उचललं.

"किती वाजता असतं तुमचं?"

"नऊला."

"नावं नीट लिहा," ती म्हणाली, आणि मग लक्षात आलं की हिचं नाव मला माहीत नाही. विचारलं. तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही. जिथे जायला हवं तिथेच जाईल.


शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी पाळकसाहेबांकडून हरकत परत आणली. ते सुटल्यासारखे हसले. "प्रभूची स्तुती असो, ताई. मागे घेतलीत ना?"

"बदलून देते."

त्यांचं हसू अर्ध्यात राहिलं.

दुपारभर लिहीत बसले. आधीच्या कागदाची मागची बाजू कोरी होती, तीच वापरली. यांनी शेजारी बसून एकदाच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं, मेट्रनच्या जाचामुळे तार बांधली. हे म्हणाले, "जाचामुळे काढ. बांधली, एवढंच ठेव." मी म्हटलं, "जाच होताच की." हे म्हणाले, "होता. तरी काढ." पुन्हा मी यांच्या बाजूने भांडायला लागले होते. काढलं.

स्टोअरकीपरला बोलावून घेतलं. त्याने उभ्याने वाचलं, बसून पुन्हा वाचलं, आणि सही केली. "वहिनी, माझ्या बाप्तिस्म्यावर मीच हरकत घेतोय म्हणजे." हे म्हणाले, "एकटा नाहीस." यांनी सही केली. तिसरी माझी.

आज चहा दिला त्याला. बिनसाखरेचा. साखर मागितली नाही त्याने.

तो गेल्यावर यांनी विचारलं, "हे वाचून झाल्यावर होईल का गं खात्री?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. मला माझीच नाही."

तीस वर्षांच्या संसारात हे मी यांना पहिल्यांदा सांगितलं. यांना धक्का बसेल असं वाटलं होतं. यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन टोपण लावलं आणि म्हणाले, "मला वाटायचं, आपल्या घरात खात्री नसलेला मी एकटाच."

राग गेलेला नाही. तो कुठे ठेवायचा तेवढं कळेनासं झालंय.


रविवार, २० ऑक्टोबर

ती आली. नऊला पाच कमी असताना, इस्त्री केलेल्या साडीत, डावा हात पदराखाली न घेता. सगळ्यात शेवटच्या बाकावर बसली. हे तिच्यापासून हातभर अंतर सोडून बसले. वन्सं दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या आणि तिला विचारलं, "अजून मोजतेस का?" ती म्हणाली, "चादरी मोजते."

तिसऱ्यांदा नाव वाचलं. स्टोअरकीपर पांढऱ्या कपड्यांत पुढे उभा होता. पाळकसाहेब म्हणाले, "एक लेखी हरकत आहे," आणि पाकीट फोडलं.

आत मी लिहिलंय ते असं. एकाने व्हॉल्व्हची खोटी नोंद केली आणि खोटी साक्ष दिली, त्याचं नाव. एकाने व्हॉल्व्हला तार बांधली आणि चौदा वर्षं लपवली, त्याचं नाव. एकीने चौदा वर्षं देवापुढे आपल्या घराचं गाऱ्हाणं घातलं आणि जिचा हात भाजला तिची एकदाही चौकशी केली नाही, तिचं नाव. आणि जिचा हात भाजला तिचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली लिहिलंय, यांतल्या पहिल्याला बाप्तिस्मा द्यायचा नसेल, तर उरलेल्या दोघांना प्रभुभोजनाला बसू देऊ नये. आणि दोघांना बसू द्यायचं असेल, तर पहिल्याला अडवू नये. मंडळीने ठरवावं. मात्र आधी ऐकावं.

पाळकसाहेबांनी ते मनातल्या मनात वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मग शेवटच्या बाकाकडे. कागद खाली करून हळूच म्हणाले, "ताई, साक्षीत आपण नावं..."

"ही साक्ष नाही," मी जागेवरूनच म्हटलं. "हरकत आहे. ती वाचावीच लागते, तुम्हीच सांगितलंत."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, पण आजाऱ्याच्या उशाशी वाचावं तशा आवाजात.

मी उभी राहिले. म्हटलं, "पाळकसाहेब, मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत जायला हवं."